खिशातली ग्रिप

सृष्टी दार ओढून घेते, पण कडी बसली का ते वळून बघत नाही. सुमनच्या, तिच्या आईच्या, मनातून ही एक गोष्ट काही केल्या जात नाही. पोरगी शाळेत होती तेव्हा गोठ्याचं फाटक लोटून निघायची आणि वासरू थेट कळमनुरीच्या डांबरी रस्त्यावर. गॅस बारीक केला म्हणायची आणि दूध ओट्यावरून खाली यायचं. आळशी नव्हती, वेंधळीही नव्हती. फक्त एकदा सांगितलं की समोरच्यानं ऐकलंच, अशी तिची जन्माची समजूत. मग समोर माणूस असो की दार.

म्हणून सुमन तिच्या मागून जाऊन कडी बघायची. संतरामला, तिच्या नवऱ्याला, याची फार गंमत वाटायची. तो जवळा बाजारला शाळेवर मास्तर. "लोकं बी.एस्सी. होऊन प्रयोगशाळेत जातात," तो म्हणायचा, "आमच्या बाई कडीखात्यात लागल्या." सुमनही हसायची. तिची काळजी दहापैकी नऊ वेळा खोटी ठरायची हे तिला माहीत होतं. आपलं मन उगाच घाबरतं, असं आता ती स्वतःच स्वतःला बजावायची.

सृष्टी इंजिनिअर झाली आणि पुण्याच्या एका कंपनीत लागली. वर्षभर तिकडं राहिली, मग कंपनीनंच घरून काम करा म्हटलं तेव्हा परत आली. माडीवरच्या खोलीत टेबल, त्यावर दोन स्क्रीन, खाली कुलरची घरघर. कंपनी पाण्याच्या मोटारी लांबून चालवायची यंत्रं बनवायची. नदीवरून पाणी उचलून शेतांना देणाऱ्या उपसा सिंचन संस्था असतात, त्यांच्या विहिरींवर कंपनीनं आपले स्टार्टर बसवले. आता सभासदानं रानात जायची गरज उरली नाही. घरी बाजेवर पडल्या पडल्या फोनवर बोट ठेवलं की नदीकाठची मोटार सुरू.

पण कुणी कुणाची मोटार सुरू करायची? आज पाळी कुणाची? हे ठरवायचं काम सर्व्हर करायचा, आणि सर्व्हरला ते नियम शिकवायचं काम सृष्टीकडं होतं.

सुमननं एकदा मेथी निवडता निवडता तिला विचारलं होतं, "पण तू दिवसभर करतेस काय नेमकं?"

"सर्व्हर म्हणजे दारावरचा राखणदार समज, मम्मी. त्याच्याजवळ नियम असतात, त्यांना पॉलिसी म्हणतात. अमक्याला अमकी मोटार चालू करायची परवानगी. तमक्याला मनाई. कुणी फोनवर बटण दाबलं की राखणदार नियम बघतो, मग हो म्हणतो नाहीतर नाही."

"आणि ते नियम तू हातानं लिहितेस?"

"हातानं किती लिहू? पायथनमध्ये प्रोग्राम लिहिते. सर्व्हरशी बोलायची एक तयार लायब्ररी मिळते, अवजारांची पेटीच म्हण. माझा प्रोग्राम त्यातून सर्व्हरला सांगतो, हा नियम घाल, तो काढ. मी झोपले असले तरी सांगतो."

"आणि एका नियमात हो असलं, दुसऱ्यात नाही असलं तर?"

"तर नाहीच. मनाई सगळ्यांच्या वर. दहा परवानग्या असू देत, एक मनाई आली की दार बंद."

हे उत्तर सुमनला फार आवडलं होतं. मनाई सगळ्यांच्या वर. अशा राखणदारावर कुणीही विसंबावं.

त्या मनाईची कल्पनाच सृष्टीनं मामाकडून घेतली होती. भागवत, सुमनचा धाकटा भाऊ. वारंगा फाट्यावर त्याचं मोटारी भरायचं दुकान आहे. जळकी मोटार खोलायची, जुनी तार ओढून काढायची, नवी तांब्याची तार भरायची. सृष्टीच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या त्या दुकानात गेल्या. तारेच्या तुकड्यांच्या बांगड्या करून ती हात भरून घ्यायची आणि मामाच्या मोटारसायकलवर बसून विहिरी बघायला जायची. विहिरीत उतरण्याआधी भागवत एक काम न चुकता करायचा. फ्यूजच्या पेटीतल्या तिन्ही चिनीमातीच्या ग्रिपा उपटून पँटच्या खिशात टाकायचा. मग वर कुणी काहीही दाबो, मोटारीला वीजच नाही.

"लाईनमनच्या शब्दावर उतरू न्हाई, मालकाच्या शब्दावर उतरू न्हाई," तो भाचीला सांगायचा. "खिशातल्या ग्रिपवर उतरावं."

एकदा तो तसाच खिशात ग्रिपा घेऊन सृष्टीच्या वाढदिवसाला आला होता. इकडं केक कापला, तिकडं अख्ख्या वस्तीच्या भुईमुगाचं पाणी दिवसभर बंद. गावकरी शिव्या घालत कळमनुरीपर्यंत आले आणि केक खाऊन परत गेले.

कंपनीचे नवे स्टार्टर आले ते मोहोरबंद. पेटी उघडली तर हमी संपली. संस्थेचे चेअरमन धर्मसिंग यांनी सगळ्या कामगारांना ताकीद दिली की सील कुणी तोडायचं नाही. मग खाली उतरणाऱ्यानं करायचं काय? तेव्हा सृष्टीनं फोनमध्ये लाल बटण करून दिलं, 'मी खाली आहे'. ते दाबलं की सर्व्हरवर त्या मोटारीसाठी मनाईचा नियम पडायचा. वर येऊन बटण सोडलं की नियम निघायचा. त्या नियमाला तिनं नाव दिलं होतं 'खिसा'; कामगार नुसतं 'लॉक लावलं' म्हणायचे.

"मामा, तुमच्या ग्रिपा आता माझ्याकडं," ती म्हणाली होती.

"म्हंजे माझा जीव तुझ्या खिशात, व्हय का?" भागवत हसला होता. "सांभाळ बाई. तुझ्या खिशाला भोक असू नये म्हंजे झालं."

सगळे हसले. सुमनच्या हातातला पोळीचा उंडा मात्र तेवढा वेळ तसाच राहिला.

यंदा हळद शिजवायचे दिवस आले. सगळ्या तालुक्यात तो ओला, पिवळा वास भरलेला. बाजाराच्या दिवशी भागवत दुपारी जेवायला आला आणि भाकरी मोडता मोडता म्हणाला, "अक्का, कलीमच्या विहिरीवर भूत आलं म्हणं."

कलीम संस्थेच्या दुसऱ्या विहिरीवरचा कामगार. तरणा पोरगा, भागवतच्याच हाताखाली शिकलेला.

"कसलं भूत?"

"मोटारीचं कपलिंग खोलत होता खाली. पाना इसरला म्हून वर आला, अन् मोटार सुरू! आपोआप. खाली असता तर हाताचा भुगा झाला असता."

"लॉक नव्हतं लावलं त्यानं?"

"लावलं होतं म्हणतो. पण लावलं असतं तर मोटार सुरू झालीच कशी? इसरला असंल गडी. चेअरमननं पार इज्जत काढली त्याची. थापाड्या म्हून राहिले सगळे त्याला."

"कधी झालं हे?"

"सकाळी. शेतीची लाईट यायच्या टायमाला. आमी तवाच उतरतो ना, लाईट यायच्या आधी काम उरकलं म्हंजे कुणाची पाळी बुडत न्हाई."

सुमननं हातातला घास ताटात ठेवला. नेहमीचंच, उगाचचं, असं म्हणून ती पाणी प्यायली. तरी भागवत गेल्यावर ती माडीवर गेली.

"सृष्टी, तुझा प्रोग्राम चालतो कधी?"

"कोणता?"

"पाळ्यांचा."

"रोज सकाळी. लाईट यायच्या जरा आधी. पाळी रोज बदलते ना. शिवाय भावाभावांत वाटण्या होतात, फोन पुतण्याच्या हातात जातो, आज एक नंबर उद्या दुसरा. म्हणून मी दुरुस्त्या करत बसत नाही. जुने सगळे पुसायचे आणि त्या दिवसाचे नवे लिहायचे. घोळच नको."

"जुने सगळे म्हणजे?"

"त्या संस्थेचे सगळे नियम."

"आणि मनाईचे?"

सृष्टी स्क्रीनकडं वळली. बराच वेळ नुसता कीबोर्डच्या कळा दाबल्याचा आवाज येत राहिला.

"मम्मी," सृष्टी शेवटी म्हणाली, पण वळली नाही. "दिवसा कुणी उतरलं असेल तर खिसा नीट राहतो. मी तसंच तपासलं होतं, दुपारी. सकाळी कुणी उतरेल असं... प्रोग्राम तो पण पुसतो."

मग त्याच दारातून नवी परवानगी आत यायची. मनाई सगळ्यांच्या वर होती, पण वर असायला आधी ती असायला तर हवी. आणि पाळी ज्याची, त्यानं रात्रीच फोनवर लावून ठेवलेलं असायचं, लाईट आली की सुरू. तो बिचारा घरी घोरत असायचा.

सृष्टीनं तिथल्या तिथं आपल्या वरिष्ठाला, कुलदीपला, फोन लावला. त्याचा आवाज सुमनलाही ऐकू येत होता. सरळ बोलत होता, वाईट माणूस वाटत नव्हता. सुट्ट्या लागून आल्यात, या दिवसांत सर्व्हरवर बदल करत नाही आपण. कामाला लागल्याबरोबर पहिलं तेच करू. तोवर सकाळचा प्रोग्राम मी बंद ठेवायला सांगतो. आणि हे बघ सृष्टी, संस्थांना काही कळवू नकोस. एकाला कळलं की सगळ्यांना कळेल, सगळे सील तोडत बसतील.

"बंद केला का त्यांनी?" फोन ठेवल्यावर सुमननं विचारलं.

"करतो म्हणाले."

"तू बघ ना केलाय का."

सृष्टी एकदम चिडली. "मला नाही बघता येत. काम सोपवून दिल्यावर चालू सर्व्हरची परवानगी काढून घेतात आमची. नियमच आहे तसा." आणि मग स्वतःच्याच शब्दांचं तिला काय वाटलं कोण जाणे, ती हळू आवाजात म्हणाली, "मामाला मेसेज टाकते. झालं."

तिनं टाकला, आणि फोन पालथा ठेवला. सुमननं तो उचलून सुलटा केला. एकच टिक होती.

"गेला नाही अजून."

"जाईल गं, मम्मी. तिकडं रेंज नसते."

दुसऱ्या दिवशी दुपारी खतीजाबी आली. कलीमची आई. सगळ्या गल्लीच्या गोधड्या तीच शिवते. सुमनच्या जुन्या लुगड्यांची गोधडी तिनं खांद्यावरून उतरवली, पण पसरून दाखवली नाही. उंबऱ्यातच बसली.

"मास्तरीणबाई, तुमची सृष्टी त्या मशीनचंच काम करती ना? तिला इचारा एकडाव. माझं पोरगं झूट न्हाई बोलत. लहानपणी गुळाचा खडा चोरला तरी पैले येऊन सांगायचं. ते म्हणतंय बटण दाबलं होतं, तर दाबलंच असंल."

सृष्टी वर होती. कुलर बंद होता, म्हणजे तिला सगळं ऐकू जात असणार. ती खाली आली नाही.

"चहा घेता का, खतीजाबी?" सुमन म्हणाली.

"नको. उद्या सकाळी पुन्ना उतरायला लागतंय त्याला. तेच कपलिंग. चेअरमन बोलले, काम करायचं तर कर न्हाई तर दुसरा बघू. रातभर जागंच हाय पोरगं. म्हणतं, अम्मी, बटण दाबून पण डर लागती." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मी बोलले, डरपोक हाय का तू? आता वाटतं काहून बोलले."

ती गेल्यावर सुमन त्या घडी घातलेल्या गोधडीवर हात ठेवून उभी राहिली. मग तिनं भागवतला फोन लावला. बंद होता. पुन्हा लावला, पुन्हा बंद. शेवटी भावजयीच्या, मिनाच्या, फोनवर तो सापडला तेव्हा दिवस मावळत होता. सृष्टीचा मेसेज त्यानं बघितलाच नव्हता. त्याचा फोन आदल्या दुपारीच पाण्याच्या हौदात पडला होता.

सुमननं त्याला सगळं सांगितलं.

"म्हंजे कलीम खरं बोलत होता," भागवत म्हणाला.

"हो."

"बरं. मी उद्या नदीवरच्या विहिरीत हाय. सील तोडतो अन् ग्रिपा काढून घेतो. काय व्हायचं ते होऊ दे. तू काळजी करू नको, अक्का."

सुमनच्या छातीवरचा दगड उतरला. उतरला आणि लगेच दुसरा बसला.

"आणि कलीमला सांगशील ना?"

"त्याला काय सांगू?"

"हेच."

"अन् त्यानं इचारलं, तुमाला कसं कळलं, तर? चेअरमनला कळंल, कंपनीला कळंल. पोरीची नोकरी तर जाईलच, वरून लोकं म्हणतील, हिच्यापायी माणूस मरत होता. कळमनुरीत तोंड दाखवायला जागा राहील का तिला?" त्याचा आवाज खाली आला. "आपलं लेकरू हाय, अक्का. त्या सायबानं बंद करतो म्हणलंय ना? मंग केलं असंल. मी गप राहतो, तू बी गप राहा."

हा तोच भागवत, जो कुणाच्या शब्दावर विहिरीत उतरत नव्हता. कलीमला मात्र तो एका न पाहिलेल्या साहेबाच्या शब्दावर उतरवून मोकळा झाला होता. आणि स्वतःच्या विहिरीवर सील तोडणार होता.

सुमननं फोन ठेवला. रात्री संतरामला सांगितलं. तो या वेळी हसला नाही. पंख्याकडं बघत म्हणाला, "सकाळपर्यंत थांब. डोकं शांत ठेवून ठरवू." पण सकाळी ठरवायला वेळ कुठं होता? लाईट तर सकाळीच येणार होती.

जेवणं झाली. भांडी झाली. सृष्टी जेवायला आली नाही, ताट वर नेऊन ठेवलं ते तसंच खाली आलं. सुमन आडवी झाली तेव्हा तिला राहून राहून वासरू आठवत होतं. एकदा ते फाटकातून निघून गेलं आणि ट्रकखाली येता येता वाचलं, तेव्हा सृष्टी रडून म्हणाली होती, मी लावलं होतं गं मम्मी, खरंच लावलं होतं. खोटं बोलत नव्हती. लावलंच होतं तिनं. कलीमनंही लावलंच होतं.

उजाडायच्या बेतात सुमन उठली. बाहेर हळदीचा वास दाटला होता, कुठल्या तरी चुलाणाखाली अजून धग असावी. तिनं दिवा न लावता फोन शोधला. धर्मसिंगांचा नंबर संतरामच्या फोनमध्ये होता, शाळेच्या पाण्याच्या टाकीच्या वेळचा. सगळ्या विहिरींवरच्या माणसांना एका हाकेत थांबवील असा तालुक्यात तोच एक माणूस होता. कलीमला एकट्याला सांगितलं तर तरी चेअरमनच्या धाकानं तो उतरेलच, आणि त्याच्यासारखे आणखी किती विहिरींवर असतील ते तिला ठाऊकही नव्हतं.

जिना वाजला. सृष्टी खाली आली होती. डोळे सुजलेले, अंगावर काल दिवसभराचेच कपडे.

"कुणाला लावतेस?"

"चेअरमनला."

सृष्टी पायरीवरच बसली. थोडा वेळ तिनं नुसते आपले हात बघितले, लहानपणी तारेच्या बांगड्या भरायची तसे मनगटाशी धरून.

"कुलदीप सरांना रात्री पुन्हा लावला होता," ती म्हणाली. "उचलला नाही. मग सकाळपर्यंत बघू म्हटलं." जरा थांबून म्हणाली, "मी बोलू?"

"नको. तुझा आवाज निघणार नाही."

"माझं नाव सांगशील?"

सुमननं तिच्याकडं बघितलं. बाहेर लांब कुठं तरी एक मोटारसायकल नदीच्या वाटेला लागली, तिचा आवाज ऐकू आला आणि विरत गेला. कुणाची होती कळायला मार्ग नव्हता.

"सांगावं लागेल," ती म्हणाली. "नाहीतर विश्वास कसा ठेवतील? मास्तरांच्या बायकोला उगाच घाबरायची सवय आहे, हे सगळ्या कळमनुरीला माहीत आहे."

सृष्टीनं मान हलवली. मग उठून ती दारापाशी गेली, दार ओढलं, आणि कडीला हात लावून बघितला. सुमनकडं पाठ करून तशीच उभी राहिली.

सुमननं नंबर लावला आणि फोन कानाशी धरला.